हातभर अंतरावरचा पडदा: घरी जवळून पाहण्यासाठी डिस्प्ले कसा निवडावा

लग्नपत्रिकेतल्या ‘चि. सौ. कां.’ मध्ये ‘कां’वर टिंब असतं. मी परभणीत घरूनच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर मांडायची, कामं करतो, त्यामुळे हे टिंब मी आयुष्यात हजारदा तरी टाकलं असेल. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सेलमध्ये ३२ इंची टीव्ही स्वस्तात मिळाला. तोच टेबलावर मॉनिटर म्हणून ठेवला आणि त्याच लग्नसराईत एका पत्रिकेतलं टिंब राहिलं. चारशे पत्रिका छापून झाल्यावर मुलीच्या काकांनी बोट ठेवून दाखवलं. घरी येऊन फाइल उघडली. पान पूर्ण दिसेल एवढ्या आकारात ‘का’ आणि ‘कां’ माझ्या त्या मोठ्या पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत होते.

चूक तपासणाऱ्याची, म्हणजे माझीच. पण त्या निमित्ताने पडदा या वस्तूकडे नीट पाहिलं. दुकानात आपण टीव्हीपासून सात-आठ फुटांवर उभे असतो, समोर हिरवेगार डोंगर आणि रंगीत पक्षी चालू असतात. घरी तोच पडदा दहा बाय अकराच्या खोलीत दोन-तीन फुटांवर येतो आणि समोर असतो सातबारा, एक्सेलची शीट नाहीतर पोरांचा शिकवणीचा व्हिडिओ. किती इंची घ्यायचा, हे त्यामुळे दुकानात ठरवायचंच नसतं.

आधी टेप, मग दुकान

शिलाई मशीनच्या खणातला टेप काढा. तुम्ही खरोखर बसता तसे बसा, फोटो काढायला बसता तसे ताठ नको. डोळ्यापासून पडद्याची काच जिथे येणार तिथपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. हा आकडा इंचांत लिहून ठेवा, कारण पडदे इंचांत विकले जातात आणि पुढचं गणित त्यामुळे सोपं जातं. टेप सापडला नाही तर कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा एक हात धरा, साधारण १८ इंच.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुताराकडून केलेलं आपलं टेबल पुष्कळदा दीड फूटच खोल असतं. मॉनिटरचा स्टँड भिंतीला टेकवला तरी काच भिंतीपासून पाच-सहा इंच पुढे येते. म्हणजे तुम्ही टेबलाच्या कडेपासून थोडे मागे बसलात तरी डोळा आणि काच यांत जेमतेम १८ इंच उरतात. आरामात काम करायला साधारण २० ते २८ इंच हवेत. टेबल बदलायचं नसेल तर मॉनिटरच्या पाठीला स्क्रूची चार भोकं आहेत का ते पाहा. ती ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांना व्हेसा माउंट म्हणतात. त्यावर भिंतीचा ब्रॅकेट किंवा हलणारा आर्म बसतो आणि पाच-सहा इंच परत मिळतात. काही स्वस्त मॉडेलमध्ये नेमकी ही भोकं गाळलेली असतात.

सव्वादोन, दीड, सव्वा, पाऊण

पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. एचडी रेडी म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, क्यूएचडी किंवा टूके म्हणून विकतात तो २५६० बाय १४४०, आणि फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून ठिपका लहान भासला की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि अक्षराची कड सलग दिसते. हे सगळं गणित पाढ्यांत बसवलं की असं होतं: पडद्याचे इंच घ्या आणि एचडी रेडी असेल तर त्याची सव्वादोनपट करा, फुल एचडीची दीडपट, क्यूएचडीची सव्वापट, फोर केची पाऊणपट. येईल तेवढ्या इंचांवरून ठिपके दिसेनासे होतात.

माझ्या टीव्हीचं बघा. ३२ इंची, एचडी रेडी. ३२ची सव्वादोनपट ७२, म्हणजे तो सहा फुटांवरून बघायचा पडदा. मी बसत होतो अडीच फुटांवर. निम्म्याहूनही जवळ! टिंब दिसणार कुठून?

हेच गणित बाकीच्यांना लावा. २४ इंची फुल एचडी: ३६ इंच. २७ इंची फुल एचडी: ४० इंच. २७ इंची क्यूएचडी: ३४ इंच. २७ इंची फोर के: २० इंच. ४३ इंची फोर के टीव्ही: ३२ इंच.

हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा मात्र समजू नका. २४ इंची फुल एचडीवर लोक वर्षानुवर्षं दोन फुटांवरून काम करत आलेत आणि त्यांचं काही अडत नाही, कारण विंडोज अक्षरांच्या कडा मऊ करून दाखवते. आकड्याच्या दोनतृतीयांशापर्यंत जवळ बसलात तर चालतं. निम्म्यावर आलात की अक्षरं फाटायला लागतात. आणि इंग्रजीला जे चालतं ते मराठीला तेवढं चालत नाही, हा माझा धंद्यातला अनुभव. इंग्रजीत ‘आय’वरचं टिंब गेलं तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे ‘मंद’वरचं गेलं तर ‘मद’ उरतो. शिवाय शिरोरेषा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, सगळं एकावर एक रचलेलं. ‘शुद्ध’ की ‘शुध्द’ हे पडद्यावर ओळखता आलं नाही तर ते छापलं जाणारच. दिवसभर देवनागरी वाचणाऱ्याने एक पायरी वरचा पडदा घ्यावा, एवढंच सांगेन.

मोठा किती मोठा

ठिपके मिटले तरी मान आहेच. ४३ इंची पडदा सुमारे ३७ इंच रुंद असतो. तो दोन फुटांवर ठेवला तर डावीकडचा मेन्यू आणि उजवीकडचं घड्याळ पाहायला मान फिरवावी लागते, संध्याकाळी खांदे भरून येतात. काम करायचं असेल तर पडद्याची रुंदी तुमच्या अंतरापेक्षा जास्त नको. रुंदी काढायची तर इंचांतून साधारण आठवा भाग वजा करा: २४ इंचीची २१, २७ इंचीची साडेतेवीस, ३२ इंचीची २८.

सिनेमा, क्रिकेट पाहायला जरा मागे सरकावं, रुंदीच्या सव्वा ते पावणेदोनपट. पलंगावर पाठ टेकवून चार फुटांवरून बघायचं असेल तर ३२ ते ४३ इंच. पण ४३ इंची घेतलात तर फोर केच घ्या, कारण ४३ इंची फुल एचडीचं गणित साडेपाच फुटांच्या आसपास जातं. ३२ इंची टीव्ही आपल्याकडे बहुतेक एचडी रेडीच विकले जातात. फुल एचडी असतात, पण मागून घ्यावे लागतात. २२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्ही-मॉनिटरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, त्यामुळे ३२ आणि ४३ यांच्यातली दरी पूर्वीएवढी राहिलेली नाही.

घरात मोफत डिशवरचीच चॅनेलं चालत असतील तर फोर केसाठी जीव टाकू नका. त्यातली बरीचशी साध्या दर्जाची, उभे ५७६ ओळींची असतात. एवढ्याच ओळी फोर केवर ताणल्या की जवळून चेहरे मेणाचे दिसतात. तिथे लांब बसणं हाच उपाय. माझा तो ३२ इंची टीव्ही आता आईच्या खोलीत सात फुटांवर भिंतीला आहे आणि सह्याद्री वाहिनी त्यावर झकास दिसते.

टीव्ही की मॉनिटर

रोज चार तासांहून जास्त वाचन-लेखन असेल तर मॉनिटर. यावर मी फार चर्चा करत नाही. टीव्ही मुळात लांबून हलती चित्रं पाहायला बनवलेला असतो. अनेक टीव्ही आत येणाऱ्या सिग्नलमधला रंगाचा तपशील कमी करतात. उजेड-अंधार पूर्ण बारकाव्याने दाखवतात आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. चेहऱ्यावर ते कळत नाही, पण निळ्या पट्टीवरची लाल अक्षरं लिंपल्यासारखी होतात. काही टीव्हींत एचडीएमआय इनपुटचं, म्हणजे लॅपटॉपची केबल जिथे लागते त्या जागेचं, नाव मेन्यूत बदलून ‘पीसी’ केलं की हा प्रकार थांबतो. आधी हे करून बघा, मग टीव्हीला नावं ठेवा.

तरी टीव्हीच घ्यायचा असेल, कारण एकाच वस्तूत काम आणि मालिका दोन्ही भागवायच्या आहेत, तर ४३ इंची फोर के आणि सव्वातीन फूट अंतर ही जोडी निभावते. मग टेबल भिंतीपासून सुटं ठेवायचं आणि टीव्ही भिंतीला टांगायचा.

पॅनेल, म्हणजे ठिपके दाखवणारा पडद्याचा मूळ भाग, त्याबद्दल दुकानात फार ऐकवतात; आयपीएस, व्हीए, टीएन, ओएलईडी हे त्याचे प्रकार. जवळून पाहायला आयपीएस बरा, कारण पडदा मोठा आणि तुम्ही जवळ असला की तुमच्या डोळ्याला कडेचे कोपरे आपोआप तिरपे पडतात आणि तिरप्या कोनातून आयपीएसचे रंग टिकतात. व्हीए पॅनेलचा काळा अधिक गडद असतो, रात्री दिवे घालवून सिनेमा पाहणाऱ्याला तो आवडेल, पण जवळून त्याच्या कडा फिकट वाटतात. टीएन घेऊच नका. ओएलईडी देखणा असतो, मात्र दिवसभर एकच टास्कबार आणि एकच मेन्यू उभा राहिला तर कालांतराने त्याचा ठसा उमटू शकतो. त्यामुळे कार्यालयीन कामाला मी तो सुचवत नाही. निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप; अडीचशे-तीनशे निट उजेडाच्या पडद्यावर छापलेल्या एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) या शब्दाला पैसे देऊ नका.

तुमचा लॅपटॉप काय देऊ शकतो

नांदेडच्या माझ्या भाच्याने फोर के मॉनिटर घेतला आणि फोन केला, “मामा, माउस ओढल्यासारखा चालतोय.” लॅपटॉप जुना, त्याचं एचडीएमआय १.४. ते फोर केला सेकंदाला ३० चित्रंच पाठवू शकतं. ६० चित्रांसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो, किंवा चित्र पाठवू शकणारा यूएसबी-सी. हे लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून आधीच शोधून ठेवा. जुन्या लॅपटॉपवाल्याला २७ इंची क्यूएचडी हा मधला मार्ग चांगला. त्याला एचडीएमआय १.४ सुद्धा ६० चित्रं देतं. सेकंदाला तेवढी चित्रं दाखवणारे ७५, १००, १४४ हर्ट्‌झ हे गेम खेळणाऱ्यांचं प्रकरण, वाचणाऱ्याला ६० पुरतात.

फोर के लहान पडद्यावर घेतलात तर अक्षरं मुंगीएवढी दिसतील. घाबरू नका. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्केल १५० टक्के करा. अक्षरं नेहमीएवढी होतात, फक्त कडा छापल्यासारख्या धारदार दिसतात. रिझोल्युशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करून अक्षरं मोठी करणारे लोक मी पाहिलेत. फोर केचे पैसे भरून फुल एचडी वापरण्याचा तो प्रकार.

दुकानात काय करायचं

स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःची एचडीएमआय केबल घेऊन जा. एका पानावर ११ पॉइंटमध्ये मराठी मजकूर तयार ठेवा. माझ्या पानावर हे शब्द असतात: कां-का, मंद-मद, शुद्ध-शुध्द, द्वंद्व, कर्तृत्व, ऱ्हास, राष्ट्र, वाङ्मय. खाली दोन ओळी लाल अक्षरात निळ्या पार्श्वभूमीवर. तुमचं मोजलेलं अंतर राखून बसा, त्यासाठी खुर्ची मागून घ्या. दुकानातला पोरगा म्हणेल, “काका, फोर के घ्या की, हा व्हिडिओ बघा कसा दिसतोय.” व्हिडिओ बघू नका. ‘वाङ्मय’ वाचा.

पडदा चालू झाला की पहिल्यांदा पिक्चर मोड बघा. दुकानातले पडदे भडक मोडवर ठेवलेले असतात. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ करायला सांगा. शार्पनेस खाली आणा. तो चढवला की अक्षराभोवती पांढरी कड येते, लांबून ती खुलते आणि जवळून टोचते. टीव्ही असेल तर चित्राच्या कडा कापल्या जात नाहीत ना तेही पाहा. टास्कबार अर्धा गायब असेल तर मेन्यूत ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय शोधायचा.

मग उजेड अगदी कमी करून पांढरं पान उघडा आणि पडद्यासमोर पेन्सिल झपाझप हलवा. पेन्सिलीचा सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. पाच-सहा वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर तो पडदा उजेड कमी करायला दिवा भराभर चालू-बंद करतोय. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही, पण ज्यांचं डोकं लवकर दुखतं त्यांनी दुसरं मॉडेल बघावं.

खोक्यावरचा ‘फोर के सपोर्ट’ हा शब्द जपून वाचा. पडदा फोर के सिग्नल घेतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, पॅनेलवर तेवढे ठिपके असतीलच असं नाही. ‘नेटिव्ह रिझोल्युशन’ किंवा ‘पॅनेल रिझोल्युशन’ किती, हे तांत्रिक तक्त्यात शोधा. तेवढ्यात वॉरंटीचंही विचारून घ्या. नावाजलेल्या मॉनिटरना बहुधा ३ वर्षं मिळतात, टीव्हीला बहुधा १. दुरुस्तीला माणूस घरी येतो की खोकं उचलून संभाजीनगरला न्यायचं, हे पिनकोड सांगून विचारायचं. आणि काही मृत ठिपके निघाले तर किती निघाल्यावर बदलून देतात, तेही.

आपलं ऊन, आपली धूळ, आपली वीज

बऱ्याच मॉनिटरच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. परभणीत मे महिन्यात बाहेर ४३-४४ होतं, पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. पडद्याच्या पाठीमागे चार बोटं मोकळी जागा हवीच, तिथे दाराचा पडदा नाहीतर चादर अडकवू नका. पश्चिमेच्या भिंतीला टांगू नका, ती रात्री नऊपर्यंत तापलेली असते. मी उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार जड काम टाळतो आणि उजेड ३० टक्क्यांवर ठेवतो. उजेड कमी केला की उष्णताही कमी होते.

कूलरचा झोत पडद्याच्या दिशेने नको. बोअरचं जड पाणी बारीक तुषारांतून काचेवर बसतं आणि वाळलं की पांढरे ठिपके उरतात. ते घासताना काचेवरचं मॅट आवरण खरवडलं जातं. पुसायला चष्म्याचं मऊ कापड, फार तर शुद्ध पाण्याने किंचित ओलं केलेलं, तेही पडदा बंद करून. पाणी कापडावर मारा, काचेवर कधीच नाही. माळवदाच्या घरात खोली थंड राहते पण वरून माती झिरपते, तिथे रात्री सुती कापड टाकून ठेवा, अर्थात पडदा गार झाल्यावर.

काच मॅट घ्या. आपल्या खोल्यांना दार-खिडकी समोरासमोर असते आणि चकचकीत काचेत दुपारी स्वतःचाच चेहरा दिसतो. पडदा खिडकीला काटकोनात ठेवला की निम्मा प्रश्न मिटतो.

विजेबाबत दोनच गोष्टी, पण त्या टाळू नका. पहिली, सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. पडद्याच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आजच. स्पाइक गार्डही अर्थिंगशिवाय आपलं काम नीट करू शकत नाही. दुसरी, अवकाळीचं आभाळ भरून आलं की बटण बंद करून भागत नाही. विजा कडाडायच्या आधीच प्लग काढा आणि डिशची केबलसुद्धा काढा. गच्चीवरून खाली येणारी तीच तार असते. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागच्या पाटीवरचे वॅट वाचा. २४ इंची मॉनिटर साधारण १५ ते २५ वॅट घेतो, मोठ्या टीव्हीला त्याच्या काही पट लागतात.

घरी बसवताना

पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही विचारतो, दुकान की घर? घाईत ‘दुकान’ दाबलं गेलं तर सेटिंग बदलेपर्यंत तो भडकच राहतो. पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा जराशी खाली ठेवा. उजेड किती ठेवायचा, तर पडद्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा वाटला तर उजेड जास्त आहे, कागदासारखा वाटला तर बरोबर. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब, वीस सेकंद बघायचं. समोर लिंबाचं झाड असेल तर उत्तमच.

लेकरू टीव्हीला नाक लावून बसत असेल तर पडदा बदलण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. लांबचं धूसर दिसतं म्हणून ते पुढे सरकत असेल.

आणि चाळिशी लागलेल्यांसाठी. आपला वाचायचा चष्मा साधारण १६ इंचांवरच्या पुस्तकासाठी बनवलेला असतो, पडदा असतो २४-२६ इंचांवर. त्या चष्म्यातून पडदा धूसर दिसतो आणि आपण पडद्यालाच दोष देतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते, मानेचं दुखणं तिथूनच सुरू होतं. अशांनी पडदा आणखी दोन-तीन इंच खाली घ्यावा. मी गेल्या खेपेला डोळे तपासायला जाताना टेपने मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून नेला होता: २६ इंच. डॉक्टरांनी त्या अंतराला वेगळा नंबर काढून दिला. आता टेबलावर २७ इंची क्यूएचडी आहे, शेजारी पडद्याचा चष्मा, आणि ‘कां’वरचं टिंब टोकदार दिसतं.